आडवी पट्टी, उभी पट्टी

"तुटेपर्यंत ताणू नये" असं आमच्या घरात कोणी ना कोणी कोणाला तरी सांगतच असतं, आणि सांगून झालं की सगळे माझ्याकडे बघून हसतात. कारण मला पगार त्याचाच मिळतो. मी तुटेपर्यंत ताणते.

हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. काही माणसांत ती एखाद्या ठिकाणी फुगत जाते. डॉक्टर तो फुगलेला भाग कापून काढतात आणि त्या जागी कापडी नळी शिवतात. रुग्णाची हरकत नसेल तर कापलेला तुकडा बर्फात घालून आमच्या प्रयोगशाळेत येतो. मी त्याच्या पट्ट्या कापते, यंत्राच्या दोन चिमट्यांत धरते आणि ओढते. ती किती ताणली जाते, किती जोर सोसते, कुठे फाटते, हे मोजते. अशी पुष्कळ मापं जमली की फुगलेली धमनी नेमकी कधी कापावी हे डॉक्टरांना आजच्यापेक्षा बरं कळेल, अशी आम्हाला आशा आहे. आज ते मुख्यतः फुगवट्याची रुंदी बघून ठरवतात. म्हणजे माणसाच्या पोटाचा घेर बघून त्याचा स्वभाव सांगण्यातलाच प्रकार.

माझा मामा या कामाला "ओढाताण खातं" म्हणतो. भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, आज कोणाला ओढलंस?" पूर्वी हा प्रश्न तो जिन्याच्या तळापासून विचारायचा आणि मला वरच्या मजल्यावर, दार लावलेलं असताना ऐकू यायचा. मामा शाळेत कवायत शिकवायचा. तो मैदानावर "सावधान" म्हणाला की कुंपणापलीकडचे सायकलवालेही ब्रेक दाबायचे, असं त्याचे विद्यार्थी सांगतात. आणि मामी ग्रंथपाल. आयुष्यभर लोकांना "हळू बोला" सांगून निवृत्त झालेली बाई. ही दोघं एकमेकांना कशी पसंत पडली, हे कोडं आमच्या घरात अजून कोणी सोडवलेलं नाही. त्यांच्या घरी गेलं की दर पाच मिनिटांनी "अहो, आवाज!" ऐकू यायचं. फ्रिजच्या घरघरीसारखं ते आमच्या कानांना सवयीचं झालं होतं.

मग मामाला खोकला झाला, छातीचा फोटो काढला, आणि खोकल्याऐवजी भलतंच सापडलं. महाधमनीच्या कमानीपाशी फुगवटा. डॉक्टर म्हणाले, माप अगदी सीमेवर आहे, काही महिने थांबून पुन्हा मोजता येईल किंवा आत्ताच ऑपरेशन करता येईल. मामा म्हणाला, थांबू. मामी म्हणाली, आत्ता. मामाचा आवाज मोठा, पण मामीचा दम मोठा. पंधरा दिवस तिने त्याला उठता-बसता ऐकवलं आणि सोळाव्या दिवशी तो कंटाळून दवाखान्यात भरती झाला.

ऑपरेशन उत्तम झालं. फक्त स्वरयंत्राकडे जाणारी एक नस त्या कमानीखालूनच वळसा घालून वर जाते, ती दुखावली. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. आपण ते ऐकतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी बाबतीत होईल असं धरून चालतो. मामा शुद्धीवर आला, बोलायला गेला, आणि आतून अडकलेला ड्रॉवर ओढल्यासारखा आवाज निघाला. थोडाफार सुधारेल, पूर्वीसारखा होईलच असं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं.

तेव्हापासून मामी भांडायची बंद झाली. "हो", "बरं", "तुम्ही म्हणाल तसं". टीव्हीचा आवाज तर ती आपल्या हाताने वाढवून द्यायची. आम्ही सगळे घाबरलो ते यानेच.

मामाचा तुकडा माझ्याकडेच आला होता. नमुन्यांवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण ऑपरेशनला जाताना स्ट्रेचरवरून मामाने अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं होतं की माझा तुकडा माझ्या भाचीला द्या, आणि त्या आठवड्यात दुसरा तुकडा आलाच नाही. मी तो फ्रीझरमध्ये ठेवला आणि मागून आलेले नमुने आधी घेत राहिले. कारण विचाराल तर हिंमत होत नव्हती.

एके दिवशी दुपारी मामा प्रयोगशाळेच्या दारात उभा.

"मामा, बाहेरच्या माणसाला आत यायची परवानगी नाही," मी म्हणाले.

"मी आधीपासून आतच आहे," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "फ्रीझरमध्ये. बाकीचा भेटायला आलाय."

मी त्याला स्टूल दिलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, यंत्राचे चिमटे पाहिले, आणि लहान मूल दंतवैद्याच्या खुर्चीकडे बघतं तसा तोंड वाकडं करून बसला.

"तुझी मामी भांडत नाही गं," तो म्हणाला.

"मजा आहे की तुझी."

"मजा कसली! परवा मी ओला टॉवेल पलंगावर टाकला. मुद्दाम. तिने उचलला, वाळत घातला, गप्प. काल पुन्हा टाकला. पुन्हा गप्प." त्याला दम लागला. मोठ्याने बोलायची सवय आणि आवाजाला वारा पुरत नव्हता. "तिला वाटतं, तिने हट्ट केला नसता तर माझा आवाज राहिला असता. तू एक काम कर. तुकडा ओढ, आणि तिला सांग की पार कुजका निघाला. बोट लावलं असतं तरी फाटला असता, असं सांग."

"आणि नाही निघाला तर?"

"तरी तेच सांग."

"मी खोटं सांगणार नाही. यंत्र सांगेल ते सांगेन."

"यंत्र कोण चालवतं?" मामाने विचारलं आणि डोळा मारला. आवाज गेला होता, पण आगाऊपणा शाबूत होता.

मी त्याला हाकललं. साधारण आठवडा गेला नसेल, तर जेवणाच्या सुट्टीत मामी हजर. हातात सफरचंदाच्या फोडींचा डबा. आल्या आल्या तिने माझ्या कपाटातली तिरकी पडलेली पुस्तकं सरळ केली आणि मग तिच्या त्या वाचनालयातल्या आवाजात म्हणाली, "मी आले होते हे ह्यांना कळता कामा नये."

"मामी, इथे प्रयोगशाळा आहे की वेटिंग रूम?"

"ऐक तर. ह्यांचं काय चाललंय ते तुम्हाला कोणाला दिसत नाही. तुमच्यासमोर विनोद करतात. घरी जिना चढताना कठडा सोडत नाहीत. सकाळचं फिरणं बंद. शिंक आली की दोन्ही हात छातीवर दाबून धरतात, फुटेल म्हणून. डॉक्टर सांगून दमले की आता काही धोका नाही. पण ह्यांच्या डोक्यात बसलंय, एक जागा सडली म्हणजे उरलेलंही सडकंच असणार. मुलांना भिंतीवर चढायला शिकवलं या माणसाने! आणि आता खुर्चीतून उठायला घाबरतात." तिने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "तू त्यांना सांग, तुकडा चांगला दणकट निघाला."

"आणि मग तुझं काय? दणकट होता तर कापायला लावला कशाला, हे तुझ्या मनात येणार नाही?"

"येईल," मामी म्हणाली. "येऊ दे. माझं मी बघेन."

मला दोघांचा मनापासून राग आला. आणि त्या रागाखाली रडू होतं, तेही सांगून टाकते. एकाला तुकडा कमकुवत हवा होता आणि एकीला मजबूत, आणि दोघांनाही स्वतःसाठी काहीच नको होतं. माझी मात्र इकडे आड तिकडे विहीर. मी सफरचंद खाल्लं आणि फ्रीझरकडे गेले.

आमच्या साहेबांना मी सगळं सांगितलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. कृश माणूस, हसले तरी ते मोजून हसल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "स्वतःच्या तुकड्याचा निकाल विचारायचा हक्क पेशंटला आहे. त्याच्या बायकोला सांगायचं तर त्याला विचारून."

"सांग म्हणून तोच मागे लागलाय."

"मग हरकत नाही. नमुन्याला नातं नसतं. मोजणाऱ्याला असतं. जाडी मी मोजतो."

त्यात तथ्य होतं. पट्टी किती जोर सोसते हे तिच्या जाडीच्या हिशोबात धरावं लागतं, आणि हे मांस ओलं, मऊ. मोजताना जरा जास्त दाबलं की ते पातळ भरतं, आणि पातळ असून इतका जोर सोसला म्हणून भलतंच मजबूत ठरतं. म्हणजे मामीच्या बाजूची असते तर माझं बोट दाबलं गेलं असतं, मामाच्या बाजूची असते तर हलकं पडलं असतं. आणि मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं मी कोणाच्या बाजूची ते.

तुकडा कोमट खारट पाण्यात सैल झाला. पिवळट, जाडसर, माझ्या तळहातापेक्षा लहान. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं ते हे एवढंसं! त्याच्या एका कडेला डॉक्टरांनी काळा दोरा शिवला होता. ती डोक्याकडची बाजू. तो दोरा नसेल तर आमचं काम बसलंच, कारण कापडाला उभं-आडवं असतं तसं धमनीच्या भिंतीलाही असतं. बळकट धागे बहुतेक घेराने जातात. म्हणून घेराच्या दिशेने एक आडवी पट्टी कापायची आणि लांबीच्या दिशेने एक उभी. मामाच्या तुकड्यात दोन्ही मिळून दोनच बसत होत्या. चुकायला जागा नव्हती.

आधी आडवी. चिमट्यांना बारीक पॉलिश पेपर लावला, नाहीतर पट्टी निसटते. साहेबांनी श्वास रोखून जाडी मोजली, तीन ठिकाणी. मग मी यंत्र सुरू केलं. लगेच तोडायची नसते. आधी हलकं ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा सोडायचं. पहिल्या ओढीला पट्टी जे दाखवते त्यावर विसंबायचं नसतं. पाहुण्यांसमोर पोरं जशी वागतात तशी ती वागते. पाच-सात वेळा असं झालं की तिचा खरा स्वभाव कळतो. तेव्हा मग शेवटपर्यंत ओढायचं.

पडद्यावरची रेघ आधी आळसावल्यासारखी सपाट गेली आणि मग चढायला लागली. चढतच राहिली. आमच्याकडच्या सरासरीच्या पुढे गेली, तरी चढतच. "अरे वा, मामा!" असं माझ्या तोंडून निघालं आणि साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. पट्टी तुटली तेव्हा मला आधी अभिमान वाटला आणि लगेच मामी आठवली.

उभी पट्टी पहिल्याच हलक्या ओढीला चिमट्यातून निसटली. साहेबांनीच ती पुन्हा धरून दिली. पट्टी धड होती, नशीब. पुन्हा हलकी ओढ, पुन्हा सोड, आणि मग शेवटची. रेघ थोडी चढली आणि खाली कोसळली. उभ्या पट्ट्या आडव्यांपेक्षा कमी जोर सोसतात हे आम्हाला माहीत असतं, पण ही तर उभ्या पट्ट्यांच्या सरासरीच्या निम्म्यावरही पोचली नव्हती. साहेबांनी भिंग घेऊन पाहिलं. फाटली होती ती मधोमध, चिमट्यापाशी नाही. म्हणजे मापात खोट नव्हती.

"मग हा तुकडा मजबूत की कमकुवत?" मी विचारलं.

"आडवा मजबूत, उभा कमकुवत."

"पण ऑपरेशन केलं नसतं तर फुटला असता का?"

"ते दोन पट्ट्यांवरून मला सांगता येणार नाही, तुलाही नाही," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "आणि कोणी छातीठोक सांगितलंच, तर त्याला आपल्याकडे नोकरी देऊ नकोस."

मामाच्या घरी जाताना मात्र माझी पावलं हलकी पडत होती. मला वाट सापडली होती. मी मामीला एकटीला गाठलं आणि सांगितलं, "उभी पट्टी फार लवकर फाटली गं. सरासरीच्या निम्मीसुद्धा टिकली नाही. तू केलास तो हट्ट काही उगाच नव्हता." मामी खाली बसली. पदर नाही, रुमाल नाही, हातातल्या फडक्यानेच तिने डोळे पुसले. "ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली, "घाबरतील." मग मी मामाला बाल्कनीत गाठलं आणि सांगितलं, "तुझी आडवी पट्टी सरासरीच्या वर गेली, मामा. साहेबसुद्धा बघत राहिले." मामाची छाती फुगली, तीही हात न लावता. "हिला सांगू नकोस," तो म्हणाला, "वाईट वाटेल तिला."

एकही शब्द खोटा नाही, आणि दोघांचंही समाधान. मी स्वतःवर इतकी खूश होते की येताना आइस्क्रीम घेतलं. शहाण्या माणसाने अशा वेळी आइस्क्रीम घेऊ नये, पुढे काय वाढून ठेवलंय ते बघावं.

रविवारी मी उरलेलं आइस्क्रीम घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेले. मामा बदलला होता. सकाळी फिरून आला होता, शिंकला तर हात खिशात ठेवून शिंकला. मामी अजून गप्पच होती, पण भाजी चिरताना काहीतरी गुणगुणत होती. स्वयंपाकघरातला दिवा बरेच दिवस बंद पडला होता. मामाने स्टूल ओढलं, खिशातून नवा बल्ब काढला आणि कोणी काही म्हणायच्या आत वर चढला. टाचा उचलल्या, हात वर नेला, बोटभर कमी पडलं म्हणून आणखी ताणला.

"अहो, उभं ताणू नका!" मामी किंचाळली. सुरी हातातच. "तुमचं उभं कमकुवत आहे!"

मामा तसाच, हात वर, खाली बघत राहिला. "माझं काय?"

"उभं! निम्म्यावर फाटलं ते!"

"काहीतरीच काय! माझी पट्टी सरासरीच्या वर गेली. साहेब बघत राहिले!"

मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मला आइस्क्रीम आठवलं.

मी सगळं सांगितलं. कोण कधी आलं, कोणाला काय हवं होतं, दोन पट्ट्या, दोन दिशा. जे फाटलं ते कधीच कापून टाकलंय, हात वर केल्याने आता काही ताणत नाही, तेही सांगितलं. पण ते ऐकायला तिथे होतं कोण?

"म्हणजे तू हिच्याकडे जाऊन माझ्यासाठी खोटं मागितलंस?" मामा स्टुलावरून म्हणाला.

"आणि तुम्ही नाही मागितलंत? ते काय, खरं होतं?"

"मी तुझ्यासाठी मागितलं!"

"मग मी काय शेजाऱ्यांसाठी मागितलं? आणि कुजका म्हणायला लावणार होतात! स्वतःच्या तुकड्याला!"

"माझा तुकडा आहे, मी काय वाटेल ते म्हणेन! आणि तो मजबूत होता! ऑपरेशन नसतं केलं तरी मी—"

"तरी काय? उभे फाटला असतात!"

"नसतो फाटलो!" मामा ओरडला.

खरंच ओरडला. तुटका, खरखरीत, मधेच चिरकलेला, पण आवाज. खालच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

"अहो, आवाज!" मामी म्हणाली.

आणि थबकली. तिने हात तोंडावर नेला. मामा हळूहळू स्टुलावर खाली बसला, बल्ब मांडीवर घेऊन. त्याचे ओठ हलत होते, हसतोय की रडतोय ते कळेना. मला विचाराल तर दोन्ही.

"हसताय काय?" मामीचा चेहरा लाल झाला होता. "आणि तो ओला टॉवेल. रोज मुद्दाम पलंगावर टाकता. मला कळत नाही असं वाटतं का?"

"कळत होतं?" मामा म्हणाला. "मग बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलणार? तुमचा आवाज घालवला, आणि वर मीच बोलत राहू?"

मामाने बल्ब माझ्या हातात दिला. ओरडण्यात होता तेवढा वारा संपला होता, आता उरली होती ती नुसती कुजबुज. तो म्हणाला, "बोल की. आता माझ्याही वाटचं तूच बोल."

मामीने टॉवेलपासून सुरुवात केली. मी दिवा लावला, आम्ही जेवायला बसलो, जेवण संपलं, आइस्क्रीमही संपलं, तरी ती बोलतच होती. मामा मान खाली घालून ऐकत होता, आणि ती मधे जरा थांबली की बोटाने खूण करत होता, पुढे.